नोकरीचं नाव नको, तिचा दिवस विचारा

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की कोकणातल्या घरात पहिला प्रश्न येतो, "मुंबईला जाणार की इथंच कुठं बघणार?" पिढ्यान्‌पिढ्या चाकरमानी पाठवणाऱ्या मुलखात तो आपसूक तोंडी येतो. पण त्याने फक्त ठिकाण ठरतं. नोकरी टिकणार की सहा महिन्यांत सुटणार, हे बहुतेक वेळा वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून असतं: त्या आठ-नऊ तासांत हात, पाय, डोळे, तोंड आणि डोकं नेमकं काय करतात, आणि ते तुम्हाला रोज जमेल का, सोसेल का. हे आधी कळून घेता येतं. त्यासाठी थोडा हिशोब लागतो, चार माणसांशी बोलावं लागतं आणि शक्य असेल तिथे काम थोडं चाखून बघावं लागतं.

एका गेटच्या आत सात नोकऱ्या

लोटे परशुराम, महाड किंवा रोहा इथे कुणाला काम मिळालं की गावात सांगतात, "केमिकल कंपनीत लागला." पण त्याच गेटमधून आत जाणाऱ्यांचे दिवस एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. उत्पादनातला ऑपरेटर तीन पाळ्यांत काम करतो. ठरलेल्या वेळेला रिअ‍ॅक्टरचं तापमान आणि दाब लॉगशीटमध्ये लिहायचा, ड्रम आणि पिशव्यांतला माल आत चार्ज करायचा, नमुना काढून लॅबला द्यायचा; हे सगळं गॉगल, मास्क आणि गमबूट घालून. लॅबमधला केमिस्ट तोच नमुना घेऊन टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून प्रमाण मोजणं) करतो, वजनं दशांशाच्या चार स्थळांपर्यंत लिहितो, आणि आकडा बसत नसेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. देखभालीचा फिटर एरवी थोडा मोकळा असतो, पण पंप बंद पडला की रात्री दोनलाही त्याला उठवतात. बॉयलरवरच्या माणसाकडे सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि त्याला जागा सोडता येत नाही. सांडपाणी प्रकल्पावरचा ऑपरेटर पीएच मोजतो, चुना आणि रसायनं टाकतो, गाळ काढतो. स्टोअरवाल्याचा दिवस नोंदी आणि मोजणीत जातो, डिस्पॅचवाल्याचा ट्रकवाले, कागद आणि फोन यांत.

आता बीएस्सी केमिस्ट्री झालेला एखादा मुलगा घ्या. तो एका जागी शांत बसून बारकाईने काम करणारा असेल आणि त्याला उत्पादनात टाकलं, तर चार महिन्यांत तो "कंपनी वाईट आहे" म्हणत घरी येईल. कंपनी कदाचित ठीक असेल, फक्त त्याची जागा चुकलेली असते. म्हणून मुलाखतीत "कुठल्या विभागात?" हा प्रश्न पगाराच्याही आधी विचारावा.

आपल्याला काय जमतं हे शोधायची सोपी रीत अशी: दोन आठवडे एका वहीत रोज रात्री तीन-चार ओळी लिहा. आज काय काय केलं, आणि प्रत्येक कामाला क्रियापद लावा. मोजलं, समजावलं, दुरुस्त केलं, वाट बघितली, भाव केला, उचललं, लिहिलं, शिजवलं. कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही, आणि कुठलं काम उद्यावर ढकललं, यावर खूण करा. घरचं काम, गणेशोत्सव मंडळाचा हिशोब, भावाच्या दुकानावर बसणं, सगळं धरा. चौदा दिवसांनी तीन-चार क्रियापदं पुन्हा पुन्हा खूण होऊन दिसतात. तुम्हाला हवी ती नोकरी या क्रियापदांनी भरलेली असायला हवी. "मला काय आवडतं?" हा प्रश्न या यादीसमोर कच्चा आहे, कारण आवड वस्तूची असते आणि नोकरी कृतीची.

हा फरक आंब्याच्या उदाहरणात चटकन दिसतो. हापूस सगळ्यांनाच आवडतो. बागेतलं काम म्हणजे मात्र मोहोर आल्यापासून फवारण्यांचं वेळापत्रक सांभाळणं, फळ चौदा आणे (सोळांपैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झालंय का ते नजरेने ओळखणं, नूतन झेल्याने (काठीला पातं आणि जाळी लावलेल्या साधनाने) देठासकट उतरवणं म्हणजे चीक सालीवर सांडत नाही आणि डाग पडत नाही, मग वजनाप्रमाणे वेगळं करून पेटी भरणं. मार्च ते मे या तीन महिन्यांत सुट्टी नसते, आणि जुलैत हाताला तेवढं काम नसतं. काजूच्या कारखान्यात वेगळंच. बी वाफवून, फोडून, सुकवून, सोलून गर वेगळे करायचे. डब्ल्यू-३२० ही प्रत म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर, आणि तो फरक बोटांनी आणि डोळ्यांनी तासन्‌तास ओळखत बसायचं. सोलणी-प्रतवारीला शांत स्वभाव आणि चपळ बोटं लागतात. फोडणीवर काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागून कातडी भाजते, तिथे हातमोजे किंवा हाताला लावायचं तेल मिळतं का ते विचारून घ्यावं.

समुद्र आवडतो म्हणून मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात गेलेल्यांना समुद्र दिसतच नाही. ओल्या फरशीवर गमबुटात उभं राहायचं, हात बर्फाच्या पाण्यात, आणि शीतगृह उणे १८ अंशांवर. ज्याला सर्दी-दम्याचा त्रास आहे त्याने हे काम घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत काम आणि पगार चालू राहतो का, हे आधी विचारायचं.

दार आधी बघा, तयारी नंतर

काही नोकऱ्यांना असं दार असतं की कितीही मेहनत केली तरी त्याची उंची बदलत नाही. हे दार न बघता दोन-तीन वर्षं आणि काही लाख घालवणारी मुलं कोकणात दरवर्षी दिसतात. या एका गोष्टीबद्दल आम्ही वाटेल तितकं सांगायला तयार आहोत, कारण हे नुकसान शंभर टक्के टाळता येतं.

पोलीस शिपाई भरती घ्या. पुरुषांना उंची किमान १६५ सेंटिमीटर, महिलांना १५५. मोजमाप अनवाणी होतं. भिंतीला टाचा लावून, डोक्यावर पट्टी आडवी धरून घरीच मोजा. दाराच्या आत असाल तर मग मैदानावर स्वतःला जोखा: शारीरिक चाचणी ५० गुणांची, त्यात पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावणं, १०० मीटर आणि गोळाफेक, लेखी १०० गुणांची. सहा महिने सराव करूनही १६०० मीटरची वेळ उतरत नसेल तर तो एक निरोप आहे, तो ऐकावा.

रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायचं तर चष्म्याशिवाय पूर्ण नजर आणि निर्दोष रंगओळख लागते. फॉर्म भरायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंगओळखीची चाचणी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

जहाजावरच्या नोकरीलाही तेच. रत्नागिरी, रायगडमधून कितीतरी मुलं दहावीनंतर जीपी रेटिंगचा (जहाजावरच्या सर्वसाधारण कामांचा) सहा महिन्यांचा निवासी कोर्स करून खलाशी होतात. क्रम मात्र असा ठेवा: पहिली वैद्यकीय तपासणी, नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडून. रंग ओळखण्यात दोष निघाला तर डेकवरचं काम मिळत नाही, आणि हे कोर्सची फी भरल्यावर कळून काय उपयोग? दुसरं, संस्था महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते स्वतः बघणं. तिसरं, आयएनडीओएस क्रमांक (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीतला), सुरक्षेचे मूलभूत एसटीसीडब्ल्यू (आंतरराष्ट्रीय मानकांचे) कोर्स आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं सेवा-पुस्तक. चौथं, नोकरी देणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का. अशा परवानाधारकाला भरतीसाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. "जहाजावर चढवतो, चार लाख दे" म्हणणारा माणूस परवान्याचा कागद दाखवत असला तरी त्या व्यवहारातून उठावं.

आखातात जाणाऱ्यांसाठी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर एजंटाचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, पावती देऊन. पर्यटक व्हिसावर नेऊन "तिकडे बदलू" असं सांगितलं तर नकार द्या.

हातात पडणारा पगार आणि शेवटची एसटी

ऑफर लेटरवरचा आकडा आणि खात्यात जमा होणारा आकडा यांत फरक का पडतो, ते एका ढोबळ उदाहरणाने बघू. समजा सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च, महिन्याला २१,६३५ रुपये लिहिलीय. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता १२,००० आणि घरभाडे वगैरे ७,०००, म्हणजे एकूण पगार १९,०००. बाकीचे २,६३५ कंपनी तुमच्या हातात देणार नाही: मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १,४४०, एकूण पगाराच्या ३.२५ टक्के ईएसआय (कामगार विमा) ६१८, आणि ग्रॅच्युइटीसाठी त्याच १२,००० च्या ४.८१ टक्के म्हणजे ५७७. आता १९,००० मधून तुमचा हिस्सा कापतात: पीएफ १,४४०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १४३, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १७,२१७. महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, त्यांचे ते २०० वाचतात.

पीएफ कापला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, ते पैसे तुमचेच आहेत. वाईट वाटायला हवं ते कापलेले पैसे खात्यात दिसत नसतील तर. यूएएन (पीएफचा कायमचा) क्रमांक घ्या आणि दर दोन महिन्यांनी पासबुक बघा.

आता अंतर. घर आणि कारखाना यांत २२ किलोमीटर असतील तर रोज ४४, महिन्याचे २६ दिवस धरून १,१४४ किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ४५ चा अ‍ॅव्हरेज देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर २,६७० रुपये. टायर-सर्व्हिसिंगला ५०० ठेवा. घरखर्चाला ४,००० दिले की जवळजवळ १०,००० उरतात. हाच मुलगा ठाण्याला किंवा नवी मुंबईला गेला, हातात २४,००० आले, तर खोलीचा वाटा ५,०००, मेस ५,०००, पास आणि रिक्षा १,०००, गणपती-शिमग्याच्या फेऱ्या आणि घरी न्यायच्या सामानाचे महिन्याला २,००० बाजूला ठेवले की ११,००० उरतात. पावणेसात हजारांची तफावत कागदावर मोठी दिसते, शिलकीत ती हजारावर येते. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी मांडल्याशिवाय कुठलाच निर्णय घेऊ नका. उलटही होऊ शकतं: शहरात दोन वर्षांत दुप्पट शिकायला मिळत असेल, तर आजची बरोबरी उद्या राहणार नाही.

पैशापेक्षाही पाळी जास्त नोकऱ्या सोडायला लावते. बहुतेक कारखान्यांत सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात अशा पाळ्या असतात. दुपारची पाळी रात्री अकराला सुटते, तेव्हा तुमच्या फाट्याकडे जाणारी एसटी केव्हाच निघून गेलेली असते. कंपनीची बस आहे का? असेल तर कुठपर्यंत, महामार्गापर्यंत की गावात? जुलैच्या धारेत, नदी पुलाला लागली असताना, रात्री २२ किलोमीटर दुचाकीवर येणं रोज होणार नाही. त्या तीन-चार महिन्यांसाठी कारखान्याजवळ खोली घ्यायचा खर्च पहिल्याच हिशोबात धरा. महिलांना रात्रपाळी लावायची तर त्यांची संमती आणि सुरक्षित ने-आण ही मालकाची जबाबदारी आहे, "सोय बघू" एवढ्यावर हो म्हणू नये.

कोणाला विचारायचं, काय विचारायचं

मालक किंवा एचआर तुम्हाला चांगला दिवस सांगणार. तुम्हाला एखादा साधा मंगळवार हवा आहे. तीन माणसं शोधा: तिथे दोन-तीन वर्षं असलेला एक, नुकताच लागलेला एक, आणि सोडून गेलेला एक. कोकणात हे अवघड नाही, वाडीत किंवा मामाच्या गावात कुणीतरी निघतोच. चहाच्या टपरीवर पाळी सुटताना उभं राहिलं तरी काम होतं.

"काम कसं आहे?" असं विचारलं तर "ठीक आहे" एवढंच ऐकायला मिळतं. त्याऐवजी: काल सकाळपासून काय काय केलंस ते सांग. गेल्या महिन्यात डबल पाळी किती वेळा करावी लागली, आणि तिचे पैसे दुपटीने मिळाले का? पगार किती तारखेला जमा होतो? पगाराच्या स्लिपवर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं? गेल्या वर्षी किती जण सोडून गेले आणि का? मागच्या गणपतीत किती दिवस रजा मिळाली?

शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. गणपतीत सगळ्यांनाच रजा हवी असते आणि चालू राहणारा प्लांट सगळ्यांना रजा देऊ शकत नाही, म्हणून कुठल्या तरी पद्धतीने वाटणी होते. ती पद्धत उघड आणि पाळीपाळीने असेल तर बाकी कारभारही सरळ असण्याची शक्यता जास्त. साहेबाच्या मर्जीवर असेल तर बढतीही मर्जीवरच असणार. पर्यटनात तर उलट गणित आहे. मालवण, तारकर्ली, गुहागर, दापोली, अलिबाग इथल्या हॉटेलांत दिवाळी, नाताळ आणि मे महिना हेच कामाचे दिवस. सगळं जग सुट्टीवर असताना हसतमुखाने उभं राहणं ज्याला मनापासून आवडतं त्याच्यासाठी हे उत्तम काम आहे. ज्याला घरचा सण चुकला की आठवडाभर खुपतं त्याच्यासाठी नाही.

चाखून बघण्याच्या जागा

प्रत्यक्ष काम करून बघण्याला तोड नाही, आणि कोकणात त्यासाठी हंगामच मदतीला येतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पॅकिंगला हात लागतातच. पंधरा दिवसांत कळतं की आपल्याला माल, वजन आणि घाई यांत रस आहे की नाही. हॉटेलं आणि होमस्टे ऑक्टोबरच्या हंगामाआधी, सप्टेंबरमध्ये माणसं बघतात. पाण्यावरच्या खेळांत जायचं असेल तर पोहता येणं ही सुरुवात झाली. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण केंद्र आहे, आणि जीवरक्षक व पॉवरबोट चालवण्याचे कोर्स गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत होतात. पावसाळ्यात हे खेळ बंद असतात, तेव्हा त्या महिन्यांसाठी दुसरं काम हाताशी हवं.

आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांना शिकाऊ उमेदवारी हा सर्वांत चांगला प्रयोग आहे. १९६१ च्या कायद्याखाली विद्यावेतन मिळतं, लेखी करार होतो, आणि कंपनी तुम्हाला जोखते तसं तुम्हीही कंपनीला जोखता. या काळात पीएफ कापला जात नाही, आणि शेवटी कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. म्हणून आधीच्या तुकडीतल्या किती जणांना घेतलं ते विचारून मगच करार करा. एका वर्षात एकाच मशीनवर उभं ठेवतात की विभाग फिरवतात, हेही विचारा. फिरवत असतील तर प्रत्येक विभागाची क्रियापदं वहीत लिहीत जा.

रोजगार मेळाव्यांची आणि जागांची माहिती राज्याच्या महास्वयम संकेतस्थळावर मिळते. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडच्यांनी गोव्यातल्या औद्योगिक वसाहती आणि २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला मोपाचा विमानतळही अंतराच्या हिशोबात धरावा. काही गावांना तो कुडाळच्या एमआयडीसीइतकाच जवळ पडतो.

मूळ प्रमाणपत्रं मात्र कुठेही, कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या.

पहिले तीन महिने

लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकालाच सोडावंसं वाटतं. पाय दुखतात, रात्रपाळीनंतर झोप लागत नाही, सुपरवायझरची भाषा कडक वाटते. हा नवखेपणाचा त्रास असतो आणि तो आठवड्यागणिक कमी होतो. न जुळण्याचा त्रास आठवड्यागणिक तेवढाच राहतो किंवा वाढतो. दोन्ही ओळखायला दर रविवारी तीन गोष्टींना दहापैकी गुण द्या: शरीर, कामातली गोडी, माणसं. बारा रविवार झाले की रेघ वर चढतेय की खाली उतरतेय ते दिसतं. शरीराचे गुण वाढले आणि गोडीचे दोनवरच अडकले असतील, तर आधी विभाग बदलून मागा. सोडण्यापेक्षा हे सोपं असतं आणि फार कमी जण मागतात.

एका खुणेसाठी मात्र बारा रविवार थांबायचं नाही. खोकला, छातीतली घरघर किंवा कातडीवरचं पुरळ साप्ताहिक सुट्टीत कमी होतं आणि कामावर गेल्यावर परत येतं, असं दिसलं तर ते कामाच्या जागेतल्या एखाद्या पदार्थामुळे असण्याची दाट शक्यता आहे. ईएसआयच्या दवाखान्यात जा, कुठल्या पदार्थाजवळ काम करता ते नावानिशी सांगा, आणि त्या पदार्थाचा सुरक्षा माहितीचा कागद कंपनीकडे मागा.

सोडायचंच ठरलं तर नियुक्तीपत्रातली नोटिशीची मुदत वाचा, राजीनामा लेखी किंवा ईमेलने द्या, आणि कार्यमुक्तीचं पत्र व शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा हातात घेऊनच निघा. नव्या ठिकाणी नवा यूएएन काढू नका, जुनाच द्या आणि रक्कम वर्ग करून घ्या. जुन्या मालकाने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःच संकेतस्थळावर टाकता येते.